नॉर्वेजियन जोडनामांचा विग्रह: सांधा ओळखण्यापासून शब्द तोडण्यापर्यंत

नॉर्वेमध्ये नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा कुटुंबासोबत राहण्यासाठी येणाऱ्या माणसाच्या हातात सुरुवातीलाच जी कागदपत्रे पडतात, त्यांवरील लांबच लांब नामे पाहून भाषेची धास्ती बसणे स्वाभाविक आहे. निवासपरवान्याला ‘ओप्पहोल्द्सतिल्लातेल्से’ म्हणतात, घरभाड्याच्या कराराला ‘हूसलैएकोन्त्राक्त’ म्हणतात, आणि लोकनोंदणीत नाव लागलेल्या रहिवाशाला मिळणाऱ्या ११ अंकी ओळखक्रमांकाला ‘फोदसेल्सनुम्मेर’ म्हणतात. असे शब्द एकेक करून पाठ करण्याचा मार्ग बहुतेक जण धरतात. तो कष्टाचा आहे आणि त्यातून पुढचा नवा शब्द सुटत नाही.

मी ही भाषा प्रौढ वयात शिकलो, आणि मराठीतून येणाऱ्याला या शब्दांपाशी अडखळण्याचे कारण नाही, असे माझे ठाम मत आहे. समासाचा विग्रह करणे आपण शाळेत शिकलेलो असतो. पूर्वपद, उत्तरपद, लोप पावलेले मधले पद या सगळ्या कल्पना आपल्याला ठाऊक असतात, आणि नॉर्वेजियन जोडनामे जवळजवळ पूर्णपणे याच कल्पनांवर उभी आहेत. फक्त क्रम पाळावा लागतो: आधी शेवटचे पद, मग सांधा (दोन पदे जुळतात ती जागा), मग उच्चारातील अवयव (एकेका स्वराभोवतीचे तुकडे), आणि त्यानंतर लेखन. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी अवयव मोजायला घेतले, की शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो.

नॉर्वेजियनची बूकमॉल आणि नीनोर्स्क ही दोन लिखित रूपे १८८५ पासून अधिकृतरीत्या समान दर्जाची आहेत. ओस्लो, बर्गन, स्टाव्हान्गर, ट्रॉन्हाइम या शहरांत येणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांना आधी बूकमॉल शिकवली जाते, म्हणून येथील उदाहरणे त्याच रूपातील आहेत. सांगितलेले मुख्य नियम नीनोर्स्कलाही लागू पडतात.

देवनागरी लेखनाबद्दल

हा लेख लिखित शब्दांच्या रचनेबद्दल असल्यामुळे उदाहरणांत मूळ लेखनातील वर्ण शक्यतो राखले आहेत, मग ते उच्चारात गळत असले तरीही. दंत्य उच्चारासाठी ‘त’ आणि ‘द’ लिहिले आहेत. नॉर्वेजियन वर्णमालेत २९ वर्ण आहेत. शेवटचे तीन स्वर येथे अनुक्रमे ‘ॲ’, ‘ओ’ आणि ‘ऑ’ असे दाखवले आहेत. त्यांपैकी मधला स्वर ओठ गोल ठेवून ‘ए’ म्हटल्यासारखा असतो. ओठ गोल ठेवून म्हटलेल्या ‘इ’साठी ‘यू’ वापरला आहे. पदे वेगळी दाखवताना मध्ये आडवी रेघ दिली आहे, पण प्रत्यक्ष लेखनात ती नसते.

लागणारे साहित्य

- बूकमॉल्सओर्दबूका आणि नीनोर्स्कओर्दबूका हे दोन शब्दकोश. भाषा परिषद म्हणजे स्प्रॉकरॉदे आणि बर्गन विद्यापीठ मिळून ते चालवतात, आणि ते आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत.
- संगणकावर आणि मोबाइलवर नॉर्वेजियन कळफलक. शेवटच्या तीन वर्णांऐवजी साधे स्वर टंकले, तर शोध फसतो किंवा वेगळाच शब्द समोर येतो.
- लेखन-संपादकात भाषा म्हणून नॉर्वेजियन बूकमॉल निवडलेली असणे.
- तुमचीच कागदपत्रे: नोकरीचा करार, भाडेकरार, करखात्याचे पत्र. सरावासाठी पाठ्यपुस्तकापेक्षा हे शब्द अधिक उपयोगी पडतात, कारण ते पुन्हा पुन्हा समोर येतात.
- पेन्सिल आणि वही. सांधे सुरुवातीला कागदावरच पाडावेत.

१. शेवटच्या पदापासून सुरुवात करा

मराठीत ‘शेत’ नपुंसकलिंगी आणि ‘जमीन’ स्त्रीलिंगी. जोडून झालेली ‘शेतजमीन’ मात्र निःशंकपणे स्त्रीलिंगी असते, कारण शब्दाची जात उत्तरपद ठरवते. नॉर्वेजियनमध्ये नेमके हेच घडते. ‘हूस’ म्हणजे घर, तो नपुंसकलिंगी शब्द आहे आणि त्याच्या आधी ‘एत’ लागतो; म्हणून रुग्णालय या अर्थाच्या ‘स्यूके-हूस’ या शब्दालाही ‘एत’च लागतो. ‘बार्न’ म्हणजे मूल, हा नपुंसकलिंगी आहे, पण बालपुस्तक या अर्थाचा ‘बार्ने-बूक’ नपुंसकलिंगी होत नाही, कारण पुस्तकवाचक ‘बूक’ तसा नाही.

लिंगासोबत रूपेही उत्तरपदाकडूनच येतात. ‘बूक’चे अनेकवचन ‘बोकेर’ होते, म्हणून ‘बार्नेबूक’चे ‘बार्नेबोकेर’. ‘हूस’चे अनिश्चित (म्हणजे ‘ते विशिष्ट’ असा अर्थ नसलेले) अनेकवचन बदलत नाही, म्हणून ‘स्यूकेहूस’चेही बदलत नाही. पूर्वपद हलत नाही. पुस्तके मुले वाचत असोत वा एकच मूल वाचत असो, ‘बार्ने’ हा भाग आहे तसाच राहतो.

याचा व्यवहारातील फायदा मोठा आहे. जोडनामांना अंत नाही, त्यामुळे कोणताही शब्दकोश ती सर्व देऊ शकत नाही. पूर्ण शब्द सापडला नाही, तर उत्तरपद शोधा. लिंग, अनेकवचन आणि निश्चित रूप तिथे मिळेल. अपवाद थोडे आहेत. जेवण या अर्थाचा ‘मॉलतीद’ नपुंसकलिंगी आहे, जरी काळवाचक ‘तीद’ हा शब्द नपुंसकलिंगी नाही. असे शब्द वेगळे टिपून ठेवावेत, पण त्यांच्यामुळे नियमावरचा विश्वास ढळू देऊ नये.

उत्तरपद हाती आले की अर्थाकडे वळा. येथे मध्यमपदलोपी समासाची आठवण ठेवावी. ‘कांदेपोहे’ म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. ‘घालून केलेले’ हे शब्द लोप पावलेले असतात आणि ते ऐकणाऱ्याने भरायचे असतात. ‘एप्ले-काके’ म्हणजे सफरचंद घालून केलेला केक, ‘फिस्के-काके’ म्हणजे माशाची टिक्की, पण ‘हुन्दे-मात’ म्हणजे कुत्र्यासाठीचे अन्न. पूर्वपद तेच असले तरी संबंध बदलतो: ‘बार्ने-लेगे’ म्हणजे मुलांवर उपचार करणारा डॉक्टर, ‘बार्ने-आर्बैद’ म्हणजे मुलांकडून करवून घेतलेली मजुरी, आणि ‘बार्ने-बार्न’ म्हणजे नातवंड, मुलाचे मूल. कोणत्या विभक्तीने विग्रह करायचा हे शब्दावर लिहिलेले नसते. ते संदर्भावरून आणि जगाच्या ज्ञानावरून ठरते. म्हणून विग्रह करताना मराठीत पूर्ण वाक्य करून पाहावे. केवळ दोन पदांचे अर्थ शेजारी शेजारी मांडून समाधान मानू नये.

बहुव्रीहीही येथे भेटतो. ‘रोद-स्त्रूपे’ याचा शब्दशः अर्थ तांबडा गळा, पण तो शब्द गळ्याचा नसून तांबड्या गळ्याच्या एका लहान पक्ष्याचा आहे. द्वंद्व समास नामांत क्वचितच दिसतो; ‘आईवडील’सारखी जोडी नॉर्वेजियन माणूस मध्ये ‘ओ’ (आणि) घालून सुटी लिहितो.

२. सांधा शोधा

हा या विषयाचा गाभा आहे, आणि येथे सावकाश जावे. दोन पदे तीन प्रकारे जोडली जातात: काहीही न घालता, मध्ये ‘स’ घालून, किंवा मध्ये ‘ए’ घालून. एकच पूर्वपद तिन्ही प्रकार दाखवू शकते. ‘लान्द’ म्हणजे भूमी किंवा देश. त्यापासून शेतीव्यवसाय या अर्थाचा ‘लान्द-ब्रूक’ होतो, खेडे या अर्थाचा ‘लान्द-स-ब्यू’ होतो आणि गावाबाहेरील मोठा रस्ता या अर्थाचा ‘लान्द-ए-वै’ होतो. ‘दाग’ म्हणजे दिवस. त्यापासून रोजनिशी या अर्थाचा ‘दाग-बूक’ होतो, पण दिवसाचा उजेड ‘दाग-स-ल्यूस’ होतो. तेव्हा सर्व शब्दांना लागू पडेल असे एकच सूत्र मागू नये. मात्र काही नियम इतके भक्कम आहेत की ते पहिल्या दिवसापासून वापरता येतात.

पहिला नियम प्रत्ययांचा. पूर्वपद ‘-इंग’, ‘-हेत’, ‘-स्काप’, ‘-दोम’, ‘-शोन’, ‘-तेत’, ‘-सेल’ किंवा ‘-एल्से’ यांपैकी एखाद्या प्रत्ययाने संपत असेल, तर मध्ये ‘स’ येतो असे जवळजवळ नेहमीच धरून चालावे. शिक्षणक्रम म्हणजे ‘ऊतदान्निंग-स-प्रोग्राम’, मैत्रीपूर्ण सामना म्हणजे ‘वेन्नस्काप-स-काम्प’, विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणजे ‘ऊनिवेर्सितेत-स-बिब्लिओतेक’, हालचालीचे स्वातंत्र्य म्हणजे ‘बेवेगेल्से-स-फ्रीहेत’. सुरुवातीला आलेला ‘फोदसेल्सनुम्मेर’ याच गटातील आहे: जन्म या अर्थाचा ‘फोदसेल’, मग ‘स’, मग ‘नुम्मेर’. त्यातील पहिले सहा अंक जन्मतारखेचे असतात, म्हणून हे नाव. सरकारी आणि कार्यालयीन शब्द बहुतेक याच प्रत्ययांनी बनलेले असल्यामुळे, एवढा एक नियम पक्का झाला तरी पत्रांतील निम्मी भीती जाते.

दुसरा नियम स्वरान्त पूर्वपदांचा. पूर्वपदाच्या शेवटी स्वर असेल, तर सहसा मध्ये काही येत नाही: ‘एप्ले-काके’, ‘हूसलैए-कोन्त्राक्त’. म्हणूनच ट्रॉन्हाइमजवळच्या खाडीच्या नावात ‘स’ येतो आणि ओस्लोच्या खाडीच्या नावात येत नाही. वर दिलेला ‘-एल्से’ हा अपवाद, आणि दुसरा नेहमी भेटणारा अपवाद खिडकीचा: ‘विन्दू-स-कार्म’ म्हणजे खिडकीची चौकट.

तिसरा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो. पूर्वपद स्वतःच जोडशब्द असेल, तर मुख्य सांध्यावर ‘स’ येण्याकडे कल असतो, मग एकट्या पदाला तो लागत नसला तरी. वाइनचा पेला ‘वीन-ग्लास’ असतो, पण रेड वाइनचा पेला ‘रोदवीन-स-ग्लास’ होतो. रात्रीचा दिवा ‘नात्त-लाम्पे’, पण उत्तर नॉर्वेतील मध्यरात्रीचा सूर्य ‘मिदनात्त-स-सूल’. शब्दकोशांची नावेही हेच सांगतात: ‘बूकमॉल’ हा जोडशब्द आहे, म्हणून ‘बूकमॉल-स-ओर्दबूका’. बर्गनला जाणारा लोहमार्ग १९०९ मध्ये खुला झाला. त्याच्या ‘बेर्गेन-स-बानेन’ या नावातील ‘स’ मात्र या नियमामुळे आलेला नाही, तो स्थळनामाला लागलेला आहे. तिसरा नियम कल दाखवतो, सक्ती करत नाही. बालसाहित्यकार हा शब्द ‘बार्नेबूक-फोरफात्तेर’ असाच, ‘स’शिवाय लिहिला जातो.

‘ए’ हा सांधा मुख्यतः छोट्या, एकाच अवयवाच्या पूर्वपदांनंतर दिसतो: ‘बार्न-ए-बूक’, ‘हुन्द-ए-मात’, ‘यूल-ए-गावे’ (नाताळची भेट), ‘स्कात्त-ए-कोर्त’ (करपत्र), ‘स्यूक-ए-हूस’. पण पूर्वपद क्रियापद असेल तेव्हाही ‘ए’ दिसतो, आणि तो सांध्याचा नसून क्रियापदाच्या मूळ रूपाचा असतो: ‘कूके-बूक’ म्हणजे पाककृतींचे पुस्तक, ‘वास्के-माशीन’ म्हणजे धुण्याचे यंत्र. दोन्ही ठिकाणी लेखन सारखेच होते, त्यामुळे अडचण येत नाही; विग्रह करताना मात्र नाम आहे की क्रियापद हे पाहावे.

आता सर्वांत फसवी जागा. मध्ये दिसणारा ‘स’ सांध्याचा आहे की पुढच्या पदाचा? ‘लान्द्सब्यू’मध्ये तो सांध्याचा आहे. सुट्टीतले घर या अर्थाच्या ‘लान्दस्तेद’मध्ये मात्र तो ‘स्तेद’ (जागा) या पदाचा आहे. छपराचे कौल म्हणजे ‘ताक-स्तैन’, छप्पर आणि दगड. ‘ताक्स’ आणि ‘तैन’ असे तोडले तर अर्थ लागत नाही. उपाय सरळ आहे: ‘स’नंतरचा भाग एकटा शब्द म्हणून शब्दकोशात आहे का ते पाहा, नसेल, तर ‘स’ त्याच्यासोबत ठेवून पुन्हा पाहा. ही तपासणी शेवटापासून केली तर उत्तर लवकर मिळते, आणि पहिली पायरी उत्तरपदाची ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

दोन-तीन शब्द पूर्ण सोडवून पाहू. ‘ओप्पहोल्द्सतिल्लातेल्से’: शेवटचे पद ‘तिल्लातेल्से’, म्हणजे परवानगी, त्याआधी ‘स’, त्याआधी ‘ओप्पहोल्द’, म्हणजे वास्तव्य. विग्रह: वास्तव्याची परवानगी. नोकरदाराने ओळखलाच पाहिजे असा २००५ चा कायदा म्हणजे ‘आर्बैद्समिल्योलोवेन’: शेवटचा ‘-एन’ हा निश्चितता दाखवणारा प्रत्यय, तो बाजूला काढला की ‘लोव’, म्हणजे कायदा, उरलेल्या भागात ‘आर्बैद-स-मिल्यो’, म्हणजे कामाच्या ठिकाणची परिस्थिती. येथे ‘स’ मुख्य सांध्यावर नसून आतल्या सांध्यावर आहे, हे ध्यानात घ्यावे. भाडेकरूंसाठी १९९९ चा ‘हूसलैएलोवेन’ असाच सुटतो: घर, भाडे, कायदा, प्रत्यय.

आणखी एक सूचना ‘आर्बैद’ आणि ‘आर्बैदेर’ यांच्याबद्दल. पहिला म्हणजे काम, दुसरा म्हणजे कामगार. ‘आर्बैद-स-प्लास्स’ म्हणजे कामाची जागा. पण मजूर पक्षाच्या ‘आर्बैदेर-पार्तिए’ या नावात पूर्वपद कामगार आहे आणि मध्ये ‘स’ नाही. दिसायला जवळचे असलेले पूर्वपद वेगळेच असू शकते.

३. सांध्यानंतरच अवयव पाडा

अवयव म्हणजे एका श्वासझोक्यात उच्चारला जाणारा, एका स्वराभोवतीचा भाग. ‘ऐ’, ‘औ’ आणि ‘ओय’ हे जोडस्वर फोडायचे नसतात, त्यामुळे ‘आर-बैद्स-प्लास्स’ यात तीनच अवयव होतात. साध्या, न जोडलेल्या शब्दात ओळीच्या शेवटी तोडताना एक व्यंजन पुढच्या ओळीवर न्यायचे असते: ‘कास-ते’ (फेकणे), ‘स्क्री-वे’ (लिहिणे), ‘होप-पे’ (उडी मारणे). द्वित्त व्यंजन अशा वेळी दोन बाजूंना वाटले जाते.

हा एकव्यंजनाचा नियम जोडनामाला सरसकट लावला की घोटाळा होतो. जोडनाम आधी सांध्यावर तुटते. घरकाम या अर्थाचा ‘हूस-आर्बैद’ एकव्यंजनाच्या नियमाने ‘हू-सार-बैद’ असा तुटला असता. योग्य तोड ‘हूस-’ आणि ‘आर्बैद’ अशी आहे. ‘ताकस्तैन’ नियमाने ‘ताक्स-तैन’ झाला असता. योग्य तोड ‘ताक-स्तैन’. सांध्यावरचा ‘स’ किंवा ‘ए’ नेहमी आधीच्या पदासोबत राहतो: ‘आर्बैद्स-प्लास्स’, ‘स्यूके-हूस’. अनेक सांधे असतील तर मुख्य सांध्यावर तोडणे वाचणाऱ्याला सर्वांत सोयीचे असते, म्हणून ‘ओप्पहोल्द्स-तिल्लातेल्से’ ही तोड ‘ओप्प-होल्द्सतिल्लातेल्से’ या तोडीपेक्षा चांगली. एकटाच वर्ण ओळीच्या टोकाला सोडू नये.

काही शब्दांत दोन तोडी सारख्याच शक्य दिसतात. ‘बीलदेक्क’ हा गाडीचा टायर आहे, ‘बील’ म्हणजे गाडी. पण ‘बिल्दे’ म्हणजे चित्र, आणि नवखा वाचक तिथेच अडकतो. वसंताची चाहूल या अर्थाचा ‘वॉर-तैन’ (लेखनात ‘वॉर-तेग्न’) असाच आहे, कारण उच्चारात ‘वॉर्ते’ असा ऐकू येणाऱ्या शब्दाचा अर्थ चामखीळ. उरलेला तुकडा शब्द होतो का, एवढे तपासले की निकाल लागतो: ‘देक्क’ आणि ‘तेग्न’ हे शब्द आहेत, ‘क्क’ आणि ‘ग्न’ नाहीत.

४. आघात आणि उच्चार

जोडनामात मुख्य आघात एकच असतो, आणि तो पूर्वपदावर असतो; उत्तरपदाला दुय्यम आघात मिळतो. पूर्वपदावर म्हणजे शब्दाच्या पहिल्या अवयवावर असे मात्र नाही. ‘बानान’ (केळे) या शब्दात आघात शेवटच्या अवयवावर आहे, म्हणून केळ्याच्या सालीला ‘बानान-स्काल्ल’ म्हणतानाही तो ‘नान’वरच राहतो, ‘ऊनिवेर्सितेत्सबिब्लिओतेक’मध्ये तो ‘तेत’वर येतो. स्वरांची लांबीही पदाकडून येते: ‘ताक’मधला दीर्घ स्वर ‘ताकस्तैन’मध्ये दीर्घच राहतो.

आघात ही अर्थाची खूण आहे. ‘रोद वीन’ असे दोन आघातांनी म्हटले तर लाल रंगाची वाइन. ‘रोदवीन’ असे एका आघाताने म्हटले तर रेड वाइन नावाचा प्रकार. ‘स्तूर ब्यू’ म्हणजे मोठे शहर. ‘स्तूरब्यू’ म्हणजे महानगर.

मराठी भाषकाला येथे एक खरा लाभ आहे. पूर्व नॉर्वेच्या बोलीत ‘र’नंतर ‘न’, ‘त’, ‘द’ आले की ते मिळून मूर्धन्य होतात, जवळजवळ आपले ‘ण’, ‘ट’, ‘ड’. त्यामुळे ‘बार्न’ ऐकू येतो ‘बाण’ असा. ही क्रिया सांध्यावरूनही घडते: ‘सोम्मेर-तीद’ (उन्हाळ्याची वेळ) यात ‘र’ आणि ‘त’ मिळून ‘ट’ होतो, आणि ‘वॉर-सूल’ (वसंतातले ऊन) यात ‘र’ आणि ‘स’ मिळून ‘श’सारखा आवाज येतो. इतर देशांतून आलेल्यांपैकी अनेकांना हे आवाज शिकावे लागतात. आपल्याला ते फक्त योग्य जागी वापरायचे असतात. बर्गन, स्टाव्हान्गर आणि दक्षिण किनाऱ्यावर ‘र’ घशातून उच्चारला जातो, तिथे हे मूर्धन्यीकरण होत नाही. ज्या भागात राहता, तिथल्या लोकांचे ऐकून ठरवा.

५. लिहिताना जोडूनच लिहा

जोडनामाची पदे सुटी लिहिणे ही नॉर्वेजियन लेखनातील सर्वाधिक टीका होणारी चूक आहे, आणि ती स्थानिक लोकही करतात. तिच्यामुळे अर्थ बदलतो. ‘लाम्मेलॉर’ म्हणजे कोकराच्या मांडीचे मांस. ‘लाम्मे लॉर’ म्हणजे लुळ्या मांड्या. ‘तूनफिस्कबीतेर’ म्हणजे ट्यूना माशाचे तुकडे. ‘तूनफिस्क बीतेर’ म्हणजे ट्यूना मासा चावतो. ‘रोय्कफ्रित्त’ म्हणजे धूम्रपानमुक्त. ‘रोय्क फ्रित्त’ म्हणजे मनसोक्त धूम्रपान करा. नोकरीच्या अर्जात ‘नोर्स्कलॅरेर’ लिहिले तर नॉर्वेजियन भाषेचा शिक्षक होतो, ‘नोर्स्क लॅरेर’ लिहिले तर नॉर्वेचा नागरिक असलेला शिक्षक.

शंका आली तर दोन कसोट्या लावा. बोलताना एकच मुख्य आघात येतो का? येत असेल, तर जोडा. आणि अनेकवचन करताना पहिला शब्द बदलतो का? ‘स्तूरे ब्यूएर’ यात विशेषण बदलले, म्हणून ते सुटे. ‘स्तूरब्यूएर’ यात बदलले नाही, म्हणून जोडलेले.

शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीवर येथे विसंबू नका. सुटी लिहिलेली पदे एकेकटी बरोबर असल्यामुळे ती चूक तिला सहसा दिसत नाही. उलट शब्दसंग्रहात नसलेल्या बरोबर जोडनामाखाली ती लाल रेघ ओढते, आणि मोबाइल तर कधी कधी शब्द आपणहून तोडतो. लाल रेघ दिसली म्हणून बरोबर शब्दात मोकळी जागा सोडू नये.

तीन सारखी व्यंजने एकापाठोपाठ आली तर दोनच लिहायची. ‘बुस्स’ आणि ‘स्तोप्प’ मिळून बसथांबा होतो, त्यात ‘स’ दोनदाच लिहितात, तीनदा नाही. ‘नात्त’ आणि ‘तोग’ (आगगाडी) मिळून ‘नात्तोग’, ‘फूतबाल्ल’ आणि ‘लाग’ (संघ) मिळून ‘फूतबाल्लाग’. पण ओळीच्या शेवटी शब्द सांध्यावर तुटला, की गळालेले तिसरे व्यंजन परत येते: ‘नात्त-’ आणि पुढच्या ओळीवर ‘तोग’. दोनच सारखी व्यंजने असतील तर काहीही गळत नाही, याची काळजी ‘स’च्या सांध्यावर विशेष घ्यावी. माध्यमिक शाळेच्या ‘उंगदोम-स-स्कूले’ या शब्दात एक ‘स’ सांध्याचा आणि एक शाळेचा, आणि दोन्ही लिहावे लागतात. विमा कंपनी या अर्थाच्या ‘फोरसिक्रिंग-स-सेल्स्काप’मध्येही तसेच.

६. आडवी रेघ कुठे द्यावी

सामान्य जोडनामात आडवी रेघ देत नाहीत. सांधा दिसावा म्हणून ती घालणे अशुद्ध मानले जाते. आद्याक्षरे, एकटे वर्ण आणि आकडे जोडताना ती आवश्यक असते: ‘टीव्ही-प्रोग्राम’, ‘ईयू-लान्द’, आणि तात्पुरत्या वास्तव्यासाठी मिळणारा ओळखक्रमांक ‘दे-नुम्मेर’. १७ मे हा १८१४ च्या संविधानाचा दिवस. त्या दिवशीच्या मिरवणुकीचे नाव आकड्याने लिहिताना आडवी रेघ महिन्याचे नाव आणि मिरवणूक यांच्यामध्ये येते, आकड्यानंतर नाही. संविधानदिन हा शब्द मात्र सरळ ‘ग्रुन्नलोव-स-दाग’ असा लिहिला जातो. ‘ग्रुन्न-लोव’ हा स्वतः जोडशब्द असल्यामुळे मध्ये ‘स’ आला आहे.

दोन जोडनामांचे उत्तरपद एकच असेल आणि ते एकदाच लिहायचे असेल, तर गाळलेल्या जागी आडवी रेघ द्यायची, आणि सांध्याचा ‘स’ किंवा ‘ए’ रेघेच्या आधी शाबूत ठेवायचा. रोजगार आणि कल्याण विभागाचे पूर्ण नाव ‘आर्बैद्स- ओ वेलफेर्द्सएतातेन’ असे आहे; पहिल्या शब्दातील ‘स’ गाळला तर नाव चुकते. रेघेच्या आधी मोकळी जागा नसते, नंतर असते. पदे तीन असतील तर पहिल्या दोघांनाही रेघ लागते आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम येतो: मुले, तरुण आणि कुटुंबे यांच्यासाठीच्या संचालनालयाचे नाव ‘बार्ने-, उंगदोम्स- ओ फामीलिएदिरेक्तोराते’ असे लिहितात, आणि त्यात ‘ए’, ‘स’ आणि स्वरान्त पदाचा काहीही न घालता होणारा सांधा असे तिन्ही प्रकार एका ओळीत पाहायला मिळतात.